धुळ्याला जाता का?

आमच्याकडे लोक वाढदिवस करायला येतात. जळगावच्या बाहेर, यावलकडे जाणाऱ्या रस्त्याला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे आमचं निवासी गृह आहे. डझनभर माणसं तिथे राहतात आणि सगळी वयाने मोठी आहेत. सगळ्यांत लहान ती तिशी ओलांडलेली, सगळ्यांत मोठे त्यांचे केस पांढरेशुभ्र. बुद्धीची वाढ जन्मापासून कमी असलेली ही माणसं. पाटीवर त्यांच्यासाठी आधी एक शब्द होता. मग तो शब्द वाईट ठरला, तेव्हा पेंटर बोलावून दुसरा लिहिला. आत राहणाऱ्या कुणालाच पहिला वाचता येत नव्हता, दुसराही येत नाही. फायदा झाला तो पेंटरचा.

मी तिथे काळजीवाहक आहे. ज्यांना जमत नाही त्यांना आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, दाढी करायला शिकवायची, कुणाला फिट आली तर कुशीवर वळवून शेजारी बसायचं, भांडणं सोडवायची, नाहीतर सोडवायची नाहीत आणि त्यांची त्यांना भांडू द्यायची. नातेवाईक लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, "किती पुण्याचं काम करतेस गं!" एवढं म्हणून झालं की ते मठ्ठ्याकडे वळतात. पुण्याचं काम म्हटलं की ते दुसऱ्याने करायचं असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना जन्मतःच माहीत असतं.

तर वाढदिवस. लोक सहकुटुंब गाडीतून उतरतात. बायका नाकाला पदर लावू की नको अशा घोळात असतात. केक असतो, टोप्या असतात आणि केळी असतात. जळगाव जिल्ह्यात, केळीच्या बागांच्या मधोमध राहून, ही माणसं दान म्हणून केळी आणतात! आमच्यात एक जण रावेरकडचा आहे. आम्ही त्याला रावेरवालाच म्हणतो. चाळिशी केव्हाच उलटलेली, खांदे रुंद, हात एवढे मोठे की चहाचा कप त्यात दिसत नाही. लहानपणापासून बापाच्या बागेत त्याने घड वाहिले. पाठीवर घड घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेणं हे त्याचं काम होतं आणि ते तो चोख करायचा. बाप गेला, भावाने बाग घेतली आणि याला आमच्याकडे आणून सोडलं. त्याच्या हातात कुणीतरी एक केळं ठेवतं, "घे बाळा, खा," म्हणतं आणि मोबाइल समोर धरतं. तो केळ्याकडे बघतो, मग त्या माणसाकडे बघतो. "मी केयं नाही खात," म्हणतो आणि केळं परत देतो. त्याच्या बोलीत ळचा य होतो. पाहुण्यांना वाटतं त्याला नीट बोलता येत नाही. ते हसतात आणि पुन्हा हातात केळं ठेवतात. फोटो होईपर्यंत ते केळं त्याला धरावंच लागतं.

आणि बाळा! मुलं! आमच्या संस्थेचे अध्यक्षसुद्धा भाषणात "आपली ही मुलं" म्हणतात. अध्यक्षांचं पाइपांचं दुकान आहे, गावात वजन आहे, मनगटात सोन्याचं कडं आहे. रावेरवाला त्यांच्या जावयापेक्षा मोठा आहे. पण एकदा माणसाला मूल म्हटलं की बरंच सोपं होतं. त्याला काही विचारावं लागत नाही. सांगितलं की पुरतं, आणि कधी कधी सांगावंही लागत नाही.

आमच्यात एक बाई होती, साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावची. तिला आम्ही साक्रीवाली म्हणायचो. पस्तिशीची, बुटकी, ठसठशीत. लांब वेणी होती तिला आणि त्या वेणीचा तिला भारी गर्व होता. रोज सकाळी तेल लावून मी वेणी घालून द्यायची. शेवटचा पेड मात्र तिचा ती घालायची आणि मला हात लावू द्यायची नाही. ती अहिराणीत बोलायची, तेही मोजकं. आई होती तोवर आई भेटायला यायची. आई गेली आणि मग कुणी येईना.

संध्याकाळी दोघं पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसायचे. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. आधी तो तिथे बसायचा, मग ती यायला लागली. बोलणं फार नसायचंच. रस्त्यावरून केळीचे ट्रक जायचे ते बघायचे. ट्रक रिकामा की भरलेला, ते तो सांगायचा. ती म्हणायची, "हाव." कधी तिचा हात त्याच्या हातात असायचा.

मी हे बघितलं तेव्हा पहिलं काम काय केलं, तर तिला एकटीला विचारलं. वेणी घालताना विचारलं, कारण तेव्हा ती मोकळी असायची. तो जवळ बसतो ते तुला आवडतं का? नको असताना हात धरतो का? नको म्हटलं तर ऐकतो का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "माले आवडस. तो वरडस नही." मग त्यालाही वेगळं विचारलं. तो लाजला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ती नको म्हणाली तर काय करायचं, हे मी त्याला समजावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा समजावलं. त्याला ते समजलं. ज्यांना समजलेलं नाही असे पुरुष मी गावात रोज बघते, आणि त्यांना कुणी संस्थेत ठेवत नाही.

असं वर्ष दीड वर्ष चाललं असेल. मग एका बिल्डरच्या मुलाचा वाढदिवस आला. केक कापला, टोप्या घातल्या, फोटो झाले. बिल्डरची बायको हात धुवायला टाकीकडे गेली आणि तिने ओट्यावर या दोघांना हात धरून बसलेलं बघितलं. आधी म्हणाली, "अय्या, किती गोड!" मोबाइलसुद्धा काढला. मग तिच्या लक्षात आलं की हात बाईचा आणि पुरुषाचा आहे. चेहरा असा झाला, जणू प्रसादात झुरळ सापडलं.

"हे असलं चालतं का इथे?" तिने मला विचारलं.

"असलं म्हणजे?"

"अहो, आम्ही लहान मुलांना घेऊन येतो इथे."

"हात धरून बसलेत वहिनी. तुम्ही दोघं गाडीत शेजारीच बसून आलात ना?"

ती तडक गाडीकडे गेली. गाडीत बसल्यावर नवऱ्याशी बोलली असणार. नवरा अध्यक्षांशी बोलला. अध्यक्षांचे पाइप त्याच बिल्डरच्या इमारतींना जातात, हे मी सांगायला नको.

लगेच मीटिंग झाली. अध्यक्ष, दोन सदस्य आणि सचिवबाई. सचिवबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही सगळ्यांशी पहिलीच्या वर्गात असल्यासारखं बोलतात. मला बाहेर उभं करून मग आत बोलावलं.

"ताई, तुमच्या देखत हे चाललं होतं?" अध्यक्ष म्हणाले.

"हो. माझ्या देखतच चाललं होतं. लपून काही नव्हतं."

"उद्या काही झालं तर संस्थेचं नाव जाईल. ही निरागस मुलं आहेत. त्यांना यातलं काय कळतं?"

"निरागस आहेत तर मग भीती कसली? आणि कळतं असं म्हणत असाल तर त्यांना बोलवा, विचारा."

"कुणाला?" सचिवबाई खरंच गोंधळल्या.

"त्या दोघांना. ओट्यावर बसलेत."

चौघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुर्च्यांचं मत घ्या म्हणाले. एक सदस्य तर हसलाच. अध्यक्ष दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. दुष्ट माणसाला समोरच्याचा थोडा तरी विचार करावा लागतो. यांना तेवढेही कष्ट नको होते. दहा मिनिटांत त्यांनी ठरवलं की साक्रीवालीला धुळ्याला हलवायचं. तिथे ओळखीच्या एका संस्थेचं फक्त बायकांसाठी गृह आहे. मग चहा आला आणि बिस्किटं आली. बिस्किटं वाढदिवसाचीच उरलेली होती.

मी म्हणाले, निदान तिला आधी सांगूया, दोनदा धुळ्याला नेऊन जागा दाखवूया, मग न्या. अशा माणसांना जागा बदलली की किती त्रास होतो, हे आमच्या प्रशिक्षणात सगळ्यांत आधी शिकवतात. सचिवबाई म्हणाल्या, "मुलांना सांगितलं की रडारड होते. हळूच न्यायचं."

हळूच म्हणजे कसं, तर माझ्या सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी मला सगळं सांगितलं. सचिवबाई स्वतः गाडी घेऊन आल्या. साक्रीवालीला म्हणाल्या, "चल, आईकडे जायचं ना तुला?"

साक्रीवाली म्हणाली, "माय मरी गयी ना."

एवढं स्पष्ट तिने सांगितलं. जी बाई काही समजत नाही म्हणून फसवायची, तिला आपली आई मेलेली आहे हे ठाऊक होतं, आणि फसवणाऱ्या मुख्याध्यापिकेने मात्र तिची फाइल उघडून बघितली नव्हती. सचिवबाई क्षणभर गडबडल्या, मग म्हणाल्या, "बरं, फिरायला जाऊ." आणि साक्रीवाली गाडीत बसली. मावशी म्हणाल्या, ती फसली नव्हती. मोठ्या बाईने बस म्हटलं म्हणून बसली. आयुष्यभर तिला तेवढंच शिकवलं होतं.

रावेरवाल्याला सांगायचं काय, यावर सूचना आली होती: ती तिच्या गावी गेली असं सांगा. मी तसं सांगितलं नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता, मी शेजारी जाऊन बसले.

"ती कुठी गेली?" त्याने विचारलं.

"तिला धुळ्याला नेलं. आता ती तिकडे राहणार."

"कोन नेलं?"

"बाईंनी. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून."

"काहून?"

का नेलं, याचं उत्तर मला देता आलं नाही. त्याला समजणार नाही म्हणून नव्हे. समजलं असतं. तोंडातून काढायला मला लाज वाटली, आणि लाज माझी नव्हती. तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. भरलेला ट्रक गेला, रिकामा ट्रक गेला, तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "धुये कुठी आहे? गाडी लागते का?"

"गाडी लागते."

हे त्याने पक्कं धरलं. धुळ्याला जायला गाडी लागते, आणि आपल्याकडे गाड्या घेऊन कोण येतं? पाहुणे. पुढच्या वाढदिवसाला त्याने मुकाट्याने टोपी घातली, केळं हातात धरलं, फोटो होऊ दिला. फोटो झाल्यावर त्या गृहस्थांसमोर उभा राहून विचारलं, "तुम्ही धुयाले जाता का?"

"काय म्हणतो हा?"

मी सांगितलं, "तुम्ही धुळ्याला जाता का, असं विचारतोय."

"अरे वा! धुळ्याला जायचंय तुला? नेऊ हं, पुढच्या वेळी नक्की नेऊ!" गृहस्थांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेले.

त्याने कपडे पिशवीत भरले. पुढच्या वेळी म्हणजे कधी, हे तो मला रोज विचारायचा. मी सांगितलं, तो माणूस खोटं बोलला. त्याला ते पटेना. मोठा माणूस, एवढी चांगली गाडी, खोटं कशाला बोलेल? त्याने पुढच्यांना विचारलं, मग त्यापुढच्यांना. वाढदिवसवाले, बायकांच्या भिशीचे ग्रुप, कुठल्याशा क्लबचे पदाधिकारी, निवडणुकीच्या आधी पांढरे कपडे घालून फळं वाटायला आलेले कार्यकर्ते. तो प्रत्येकाला विचारायचा, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: पुढच्या वेळी. एकालाही वाटलं नाही की हा माणूस प्रश्न विचारतोय आणि प्रश्नाला उत्तर असतं. एकानेही मला बाजूला घेऊन विचारलं नाही की याला धुळ्याला का जायचंय. एवढे लोक प्रेम वाटायला येतात, आणि एकाला साधी चौकशी सुचली नाही.

शेवटी मीच न्यायचं ठरवलं. पण घरच्यांची परवानगी लागते, म्हणून रावेरला त्याच्या भावाला फोन केला. भाऊ मोठा बागायतदार, दारात ट्रॅक्टर, ट्रक, पांढरी गाडी. दिवाळीला येतो, मिठाईचा खोका देतो, गाडी चालूच ठेवतो.

"धुळ्याला कशाला?" तो म्हणाला. "त्याला काय कळतं? उगाच कुठे हरवला बिरवला तर?"

"मी सोबत आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

"नको ताई. राहू द्या."

मला त्याच्या घरची एक गोष्ट माहीत होती. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुणे येत-जात होते, आणि मुलीला असा एक काका आहे हे त्या पाहुण्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "ठीक आहे भाऊ. मग बाहेर जायची त्याची हौस अशी भागवू, की या आठवड्यात मी त्याला चार दिवस घरी घेऊन येते. घराची आठवणही काढतो तो."

पलीकडून एकदम मऊ आवाज. "नाही नाही, ताई, घरी आता गडबड आहे. तुम्ही असं करा, धुळ्याला न्या. धुळ्याला काही हरकत नाही. पाहिजे तितक्यांदा न्या."

माणसाची किंमत काय असते ते असं एका फोनवर समजतं. मला आनंद झाला नाही, पण परवानगी मिळाली.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी स्वतः केली होती, एका ठिकाणी कापून घेतलं होतं. खिडकीजवळ बसला. पुढच्या सीटवर एक बाई तिच्या मुलीला घेऊन बसली होती. मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि मुलीला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग मला विचारलं, "हा चावत बिवत तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही?"

एरंडोलपर्यंत ती बाई मागे वळली नाही. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी त्याला चहा पाजला. "आता किती?" त्याने विचारलं. मी म्हणाले, थोडंच राहिलं. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर तो उठून उभा राहायचा.

धुळ्यातलं ते गृह देवपूरच्या पुढे होतं. फाटकाला कुलूप. व्यवस्थापिका बाहेर आल्या, आम्हाला दारातच उभं केलं. "पुरुषांना आत येता येत नाही," म्हणाल्या.

"मग तिला बाहेर आणा. अंगणात बसतील. मी इथेच आहे, तुम्हीही बसा."

"आमचे नियम आहेत."

"नियम दाखवा. भेटायला येऊ नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा, आम्ही जातो."

त्यांनी दाखवलं नाही, कारण तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. चिडून आत गेल्या आणि तिला घेऊन आल्या.

तिचे केस कापले होते. कानाच्या वर, वेडेवाकडे. आल्या आल्या उवांच्या नावाखाली कापले होते. सगळ्यांचेच कापतात म्हणे, सोपं पडतं. तिच्या डोक्यात ऊ नव्हती. रोज मी विंचरायची, मला माहीत नाही? अंगातला गाऊनही तिचा नव्हता.

रावेरवाल्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ही नाही. ती दुसरी आहे."

तिने ते ऐकलं. पुढे येऊन त्याच्या समोर उभी राहिली. "मीच शे," म्हणाली. आवाजावरून त्याने ओळखलं. तोंड उघडंच राहिलं त्याचं.

"तू काबर उना नही?" ती ओरडली. तिला इतकं मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मले गाडी नव्हती," तो म्हणाला. "मी सगय्याइले इचारलं. कोनीच नेलं नाही."

तिचा राग थोडा उतरला असावा. "जेवना का?" तिने विचारलं. तो नाही म्हणाला. दोघं पायरीवर बसले. मी घरून बांधून आणलेली भाकरी आणि शेवभाजी त्यांना दिली. शेव रश्शात भिजून तिचा लगदा झाला होता, पण दोघांनी सगळी खाल्ली. त्याने हळूच तिच्या डोक्याला हात लावला. "वाढतीन," म्हणाला. तिने त्याचा हात झटकला, मग थोड्या वेळाने स्वतःच धरला. व्यवस्थापिका खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या, पहारा देत. त्यांच्या मोबाइलवर देवाचं भजन चालू होतं.

निघायची वेळ झाली तेव्हा ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. आपल्याला न्यायला आलेत असं ती समजली होती. मला तिला सांगावं लागलं की आज नेता येणार नाही, अजून परवानगी नाही, पण आम्ही पुन्हा येऊ, पुढच्या महिन्यात, मी स्वतः घेऊन येईन. तिने पिशवी माझ्या अंगावर फेकली. "माले आठे नही ऱ्हावानं!" ती ओरडत राहिली. फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीजवळ बसला नाही.

मी दर महिन्याला त्याला घेऊन गेले. दुसऱ्या भेटीनंतर अध्यक्षांना कळलं. दुकानात बोलावलं, गिऱ्हाइकांसमोर उभं केलं.

"कुणाच्या परवानगीने?" ते म्हणाले.

"त्याच्या भावाच्या. आणि त्याच्या स्वतःच्या."

"ताई, तुम्हाला काढून टाकू शकतो मी."

"टाका. उद्या सकाळी आंघोळी घालायला कोण येणार, तेवढं ठरवून टाका. घरून वहिनींना पाठवता का?"

एका गिऱ्हाइकाने हसू दाबलं. अध्यक्ष पाइपांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. मला कुणी काढलं नाही. कामाची कदर म्हणून नव्हे, तर दुसरं कुणी मिळत नाही म्हणून. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिकडे साक्रीवालीने धुळेकरांना सळो की पळो केलं. ताट फेकायची, दुसऱ्यांच्या गाद्या बाहेर काढायची, केस कापायला आलेल्या बाईच्या हाताला चावली. व्यवस्थापिकांचे फोन यायला लागले, आधी तक्रारीचे, मग विनवणीचे. "हिला न्या," म्हणायला लागल्या. जी बाई आमच्याकडे इतकी वर्षं शांत राहत होती, तिला तुम्ही काही महिन्यांत असं केलंत, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्या सुधारतात." शेवटी त्यांनीच लेखी कळवून टाकलं की ठेवून घेणार नाही, आणि ती परत आली.

आता कुणालाही वाटेल की अध्यक्षांनी गप्प बसावं. पण नाही. त्यांनी कार्यक्रम ठेवला! मांडव, माइक, हार. बिल्डर सपत्नीक पाहुणे. अध्यक्ष भाषणात म्हणाले की आपल्या मुलीच्या विरहाने संस्थेचं मन गहिवरलं, म्हणून आम्ही तिला परत आणण्याचा निर्णय घेतला, प्रेमाला भाषा लागत नाही. बिल्डरच्या बायकोने डोळ्यांना रुमाल लावला. मग अध्यक्षांनी साक्रीवालीला आणि रावेरवाल्याला मांडवात पुढे बोलावलं आणि म्हणाले, "दोघं शेजारी शेजारी उभे राहा." शेजारी बसले म्हणून ज्याने एकीला तीस कोसांवर टाकलं, तोच आता हार घेऊन दोघांच्या मध्ये उभा होता आणि फोटोग्राफरला हाताने खुणा करत होता.

साक्रीवाली म्हणाली, "माले मुतानं शे."

माइक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. ती वळली आणि शांतपणे संडासाकडे चालू लागली. रावेरवाला तिच्या मागे गेला आणि दाराबाहेर तिची चप्पल सांभाळत उभा राहिला. कितीही बोलावलं तरी दोघं परत आले नाहीत. अध्यक्षांनी मग तो हार बिल्डरच्या गळ्यात घातला.

आता ते दोघं इथेच आहेत. लग्न वगैरे काही नाही, त्यांनी मागितलेलं नाही आणि मी सुचवलेलं नाही. ओट्याजवळ दिवा लावून घेतलाय सचिवबाईंनी, म्हणे लक्ष ठेवता यावं. लावा. तिचे केस खांद्यापर्यंत आलेत. ते अजून ती मला विंचरू देत नाही. धुळ्यापासून कुणालाच देत नाही.

मागच्या आठवड्यात मी दोघांना यावलच्या बाजारात घेऊन गेले. तिला बांगड्या घ्यायच्या होत्या. कासाराने मला विचारलं, "कोणत्या रंगाच्या दाखवू हिला?" मी म्हणाले, "मला काय विचारता, तिला विचारा." त्याने बिचकत तिला विचारलं. तिने हिरव्या काढायला लावल्या, मग लाल, मग सोनेरी ठिपक्यांच्या, मग पुन्हा हिरव्या. अर्धा बाजार उठेपर्यंत ती काही ठरवेना. शेजारच्या दुकानांपुढे चार-पाच नवरे आपापल्या बायकांच्या पिशव्या धरून उभे होते. रावेरवालाही तिची पिशवी धरून त्यांच्यात उभा होता. त्यातल्या एकाने त्याला तंबाखू विचारली. तो नाही म्हणाला आणि त्याने जांभई दिली.